अट घालणारा मित्र

मित्रदेश युद्धात उतरला आणि त्याने मदतीसाठी हाक मारली की लोकशाही देशात एक ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, मैत्री आहे तर संकटात पाठीशी उभे राहायलाच हवे. आज मागे सरलो तर उद्या आपल्यावर वेळ येईल तेव्हा कोण धावून येणार? दुसरी बाजू म्हणते, हे युद्ध आपले नाही, ते अन्यायाचे आहे, आपली पोरे तिथे कशाला मरायला पाठवायची? दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण एका बाबतीत त्यांचे नकळत एकमत असते. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच असू शकते, आणि ते मिळेपर्यंत चालणारी चर्चा म्हणजे वेळेचा अपव्यय, असे दोघीही धरून चालतात. सरकारी गोटात ही समजूत आणखी घट्ट असते. संसदेतला गदारोळ, रस्त्यावरचे मोर्चे, वर्तमानपत्रांचे अग्रलेख हा सगळा परराष्ट्र धोरणातला अडथळा. मुत्सद्द्यांचे काम मुत्सद्द्यांना करू द्या.

ही समजूत उथळ आहे. माझे म्हणणे असे: बलाढ्य मित्राच्या युद्धात उतरायचे की नाही यावर घरात होणारा जाहीर वाद हीच धाकट्या भागीदाराची खरी ताकद असते. ज्या सरकारांनी हा वाद टाळला, किंवा मित्राला शब्द देऊन झाल्यावर होऊ दिला, त्यांना त्या युद्धाच्या उद्दिष्टाबद्दल, वाटचालीबद्दल आणि शेवटाबद्दल फारसे काही बोलता आले नाही. ज्यांनी तो आधी आणि उघडपणे होऊ दिला, त्यांनी नकार दिला तरी मैत्री तुटली नाही. विधान सरसकट वाटेल. त्याला अपवाद आहेत आणि त्याची किंमतही आहे. त्याकडे पुढे येतो.

१. न्यायाचा प्रश्न पुरेसा नाही

युद्ध न्याय्य आहे की नाही, हा प्रश्न बिनमहत्त्वाचा आहे असे मी म्हणत नाही. पण स्वतःचे युद्ध आणि मित्राचे युद्ध यांत एक मूलभूत फरक आहे. स्वतःच्या युद्धात कुठे थांबायचे आणि कोणत्या तहावर सही करायची, हे निदान आपण ठरवतो. मित्राच्या युद्धात सैनिक आपले, उद्दिष्ट त्याचे आणि थांबण्याचा दिवसही त्याचाच. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहणाऱ्याची गत अशीच असते: कर्ज किती, कशासाठी, फेडणार कसे, यांतले काहीच त्याने ठरवलेले नसते, कागदावर सही मात्र त्याची असते.

अफगाणिस्तानचे पाहा. २००१ मध्ये अमेरिकेवर हल्ला झाला होता, नाटोने आपल्या इतिहासात प्रथमच कलम ५ लागू केले होते, जगातल्या बहुतेक देशांची सहानुभूती होती. न्यायाच्या कसोटीवर या युद्धाची बाजू इराकपेक्षा कितीतरी भक्कम होती. ब्रिटनने तिथे ४५७ सैनिक गमावले. पण २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोह्यात जो करार झाला तो अमेरिका आणि तालिबान या दोघांतला होता. त्यावर ब्रिटनची सही नव्हती, आणि ज्या सरकारच्या रक्षणासाठी सगळे गेले होते त्या काबूल सरकारचीही नव्हती. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल विमानतळावरून माणसे बाहेर काढण्यासाठी मुदत थोडी वाढवावी म्हणून ब्रिटिश पंतप्रधानांनी जी-७च्या बैठकीत शब्द टाकला. मुदत वाढली नाही. वीस वर्षे बरोबरीने लढलेल्या मित्राला चार दिवस जास्त मिळाले नाहीत.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव याहून बोचरा आहे. पंतप्रधान मेंझीस यांनी २९ एप्रिल १९६५ रोजी व्हिएतनामला पायदळाची बटालियन पाठवण्याची घोषणा केली. मे महिन्यात विरोधी पक्षनेते आर्थर कॅलवेल यांनी संसदेत विरोध केला, पण निर्णय तोवर झालेला होता. पुढच्या वर्षी मेंझीस यांचे वारस होल्ट वॉशिंग्टनला गेले आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्याबरोबर शेवटपर्यंत जाऊ, असे यमक जुळवून सांगून आले. सुमारे साठ हजार ऑस्ट्रेलियन सैनिक त्या युद्धात गेले, पाचशेहून अधिक मेले. जुलै १९७१ मध्ये विरोधी पक्षनेते गॉफ व्हिटलम पेकिंगला जाऊन चाऊ एन-लाय यांना भेटले, तेव्हा पंतप्रधान मॅकमहन यांनी त्यांची भरसभेत टिंगल केली: चिन्यांनी या माणसाला गळाला लावले! तीनच दिवसांनी निक्सन यांनी दूरचित्रवाणीवर जाहीर केले की हेन्री किसिंजर नुकतेच गुप्तपणे पेकिंगला जाऊन आले आहेत आणि आपण स्वतःही जाणार आहोत. चीनच्या भीतीपोटी ज्या युद्धात ऑस्ट्रेलिया उतरला होता, त्या चीनशीच दोस्ताने बोलणी सुरू केली होती, आणि निष्ठावंत मित्राला याचा पत्ता नव्हता.

म्हणून युद्ध न्याय्य आहे का, या प्रश्नाच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: हे युद्ध संपवण्याच्या निर्णयात आपला वाटा किती? हा दुसरा प्रश्न सरकारे आपणहून विचारत नाहीत. तो बाहेरून, संसदेतून आणि रस्त्यावरून विचारावा लागतो.

२. एक विनंती, पाच उत्तरे

राज्यशास्त्राला प्रयोगशाळा नसते. पण २००३ च्या पहिल्या सहामाहीत तिच्या जवळपास जाणारी परिस्थिती निर्माण झाली. एकाच महासत्तेने एकाच युद्धासाठी अनेक देशांकडे मदत मागितली आणि प्रत्येकाने आपापल्या परीने उत्तर दिले.

ब्रिटन ‘हो’ म्हणाला. पोलंड ‘हो’ म्हणाला आणि सप्टेंबरपासून मध्य-दक्षिण इराकमधल्या बहुराष्ट्रीय डिव्हिजनचे नेतृत्वही त्याने घेतले. कॅनडाचे पंतप्रधान ज्याँ क्रेत्याँ यांनी १७ मार्चला संसदेत ‘नाही’ म्हटले. तुर्कस्तानच्या संसदेत १ मार्चला मतदान झाले: सुमारे ६२,००० अमेरिकी सैनिकांना तुर्की भूमीवरून उत्तर इराकमध्ये जाऊ द्यायचे का? बाजूने २६४, विरुद्ध २५०, तटस्थ १९. बाजूची मते जास्त होती, पण हजर सदस्यांच्या निम्म्याहून अधिक मते लागत होती; तीन मते कमी पडली. अब्जावधी डॉलरच्या मदतीची बोलणी झालेली होती, अमेरिकेच्या चौथ्या पायदळ डिव्हिजनची सामग्री घेऊन जहाजे भूमध्य समुद्रात ताटकळत होती, आणि सत्ताधारी पक्षाला संसदेत प्रचंड बहुमत होते. तरीही ठराव पडला.

आणि भारत. ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने इराकवरील कारवाईविरुद्ध एकमताने ठराव केला. पण बगदाद पडल्यावर अमेरिकेने एक डिव्हिजन, म्हणजे सुमारे १७,००० भारतीय जवान, उत्तर इराकमध्ये ‘स्थैर्यासाठी’ पाठवण्याची विनंती केली, तेव्हा दिल्लीत ती गंभीरपणे विचारात घेतली गेली. उपपंतप्रधान अडवाणी जूनमध्ये वॉशिंग्टनला जाऊन आले, पेंटॅगॉनचे पथक दिल्लीत आले. सामरिक विषयांवर लिहिणाऱ्या मंडळींत उत्साह होता: महासत्तेच्या पंगतीला बसण्याची ही संधी पुन्हा येणार नाही! विरोधी पक्षनेत्या सोनिया गांधी यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून विरोध नोंदवला, डाव्यांनी आवाज उठवला, सैन्यातल्या निवृत्त अधिकाऱ्यांतही मतभेद उघड झाले. अखेर १४ जुलैला सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने निर्णय दिला की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय सैन्य पाठवता येणार नाही. पाच आठवड्यांनी, १९ ऑगस्टला, बगदादमधले संयुक्त राष्ट्रांचे मुख्यालयच ट्रकबॉम्बने उडवले गेले.

डाव्या नेत्यांच्या वर्तुळात त्या दिवसांची एक आठवण सांगितली जाते. पंतप्रधान वाजपेयींनी ए. बी. बर्धन आणि हरकिशनसिंग सुरजित यांना बोलावून विचारले, तुम्ही विरोध करता आहात ना? मग आवाज ऐकू का येत नाही? आठवणीच्या तपशिलाबद्दल खात्री देता येणार नाही, पण त्यातले राजकारण अस्सल आहे. वॉशिंग्टनला ‘आमची इच्छा नाही’ असे सांगणे अवघड असते; ‘आमची संसद ऐकणार नाही’ असे सांगणे सोपे असते. वाजपेयींना हे कळत होते. विरोधी पक्षांचा गलका त्यांच्या हातातली ढाल होती.

आता पुढचे पाहू. भारताला कोणती शिक्षा झाली? जानेवारी २००४ मध्ये, म्हणजे नकारानंतर सहाच महिन्यांत, बुश आणि वाजपेयी यांनी सामरिक भागीदारीच्या पुढच्या टप्प्यांची घोषणा केली, आणि त्यातूनच १८ जुलै २००५ च्या नागरी अणुसहकार्याच्या संयुक्त निवेदनाकडे वाट गेली. कॅनडावर अमेरिकी राजदूताने जाहीर नाराजी व्यक्त केली, पण व्यापार चालू राहिला. उलट पोलंडला ‘हो’ म्हटल्याबद्दल काय मिळाले? युद्धात साथ दिलेल्या या देशाच्या नागरिकांना अमेरिकेत फिरायला जाण्यासाठी नोव्हेंबर २०१९ पर्यंत व्हिसाच्या रांगेत उभे राहावे लागत होते.

तुर्कस्तानला मात्र किंमत मोजावी लागली, हे लपवण्यात अर्थ नाही. उत्तर इराकमधल्या कुर्दांचे अमेरिकेच्या लेखी वजन वाढले, तुर्कस्तानचे घटले. ४ जुलै २००३ रोजी सुलेमानियात अमेरिकी सैनिकांनी तुर्की सैनिकांना डोक्यावर पिशव्या घालून ताब्यात घेतले, त्याचा राग तुर्की समाजात वर्षानुवर्षे राहिला. पण नाटोतून त्याला कोणी काढले नाही, आणि सप्टेंबरात अमेरिकेने ८.५ अब्ज डॉलरच्या कर्जाच्या करारावर सहीदेखील केली.

३. आधी शब्द, मग अटी

ब्रिटनमध्ये वाद झाला नाही का? झाला, आणि लंडनने पूर्वी पाहिला नव्हता असा झाला. १५ फेब्रुवारी २००३ चा मोर्चा पोलिसांच्या हिशेबानेही साडेसात लाखांचा होता. रॉबिन कुक यांनी १७ मार्चला मंत्रिपद सोडले. दुसऱ्या दिवशी सत्ताधारी मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी सरकारविरुद्ध मत दिले. ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी संमत झाला तो विरोधी हुजूर पक्षाच्या पाठिंब्यासह.

पण हा वाद झाला कधी? चाळीस हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक आखातात पोचल्यावर. आणि त्याच्या कितीतरी आधी, २८ जुलै २००२ रोजी, टोनी ब्लेअर यांनी बुश यांना खासगी टिपण पाठवले होते. काहीही झाले तरी मी तुमच्याबरोबर असेन, अशा अर्थाची त्याची सुरुवात होती. इराक युद्धाबद्दलच्या ब्रिटनमधल्या चिलकॉट चौकशीने ते टिपण २०१६ मध्ये उजेडात आणले. गंमत अशी की त्या टिपणात पुढे अटीही होत्या: संयुक्त राष्ट्रांमार्फत जा, पश्चिम आशियातल्या शांतता प्रक्रियेला गती द्या, जनमत तयार करा. पण पहिल्याच ओळीत बिनशर्त शब्द दिल्यावर खालच्या अटींना सौजन्यपूर्ण सूचनांपलीकडे किंमत उरत नाही. संयुक्त राष्ट्रांकडे जाण्याची एक अट बुश यांनी मानली हे खरे. पण मार्चमध्ये दुसरा ठराव मिळेना तेव्हा थांबायला हवे होते, ते कोणीच थांबले नाही. मे महिन्यात इराकमधले अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी इराकी सैन्य बरखास्त केले. त्या युद्धातला बहुधा सर्वांत घातक ठरलेला निर्णय तो, आणि त्यात ब्रिटनचे म्हणणे वजनदार ठरल्याची कोणतीही खूण नाही.

११ मार्च २००३ रोजी अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड पत्रकारांसमोर सहज बोलून गेले होते की ब्रिटन आला नाही तरी आम्ही पुढे जाऊ शकतो. लंडनमध्ये या वाक्याने थरकाप झाला. खरे तर ती उघडी ठेवलेली खिडकी होती. ज्याच्याशिवाय काम अडत नाही असे मित्र स्वतः सांगतो, त्याच्यावर ‘न गेलो तर मैत्री तुटेल’ या भीतीचे ओझे कशासाठी? चिलकॉट यांनी नेमके हेच नोंदवले: अमेरिकेच्या निर्णयांवर आपला प्रभाव पडेल हा ब्लेअर यांचा अंदाज फाजील होता, आणि प्रामाणिक मतभेद पेलण्याइतके दोन देशांचे नाते भक्कम होते. ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या काळात याचा पुरावा मिळालाच होता. पौंड डळमळीत, अमेरिकेच्या आर्थिक आधाराची गरज, आणि जॉन्सन निदान एखादी तुकडी पाठवा म्हणून मागे लागलेले. तरी विल्सन यांनी व्हिएतनामला सैन्य पाठवले नाही. पोलारिस क्षेपणास्त्रे ठरल्याप्रमाणे ब्रिटनला मिळाली.

४. टिळकांचा धनादेश

हा मुद्दा परक्या देशांकडून शिकायची मराठी वाचकाला तशी गरज नाही. तो इथे पुण्या-मुंबईत १९१८ साली लढवला गेला आहे, आणि आजही तो ज्या पद्धतीने सांगितला जातो ती मला अपुरी वाटते.

पहिल्या महायुद्धाच्या चौथ्या वर्षी ब्रिटनला माणसांची निकड होती. एप्रिल १९१८ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉयनी युद्ध परिषद बोलावली. टिळकांना निमंत्रण नव्हते. गांधीजी गेले, त्यांनी सैन्यभरतीच्या ठरावाला पाठिंबा दिला, आणि नंतर खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून भरतीचा प्रचार केला. अहिंसेच्या उपासकाने सैन्यभरतीसाठी फिरावे, याचे अनेकांना आजही नवल वाटते. त्यांची भूमिका सरळ होती: साम्राज्याच्या संकटात मदत करायची तर मनापासून आणि बिनशर्त करायची, त्या निर्मळपणातून हक्क आपोआप मिळतील.

टिळकांची भूमिका वेगळी होती. मंडालेहून सुटल्यावर १९१४ मध्ये त्यांनीही युद्धात सरकारला सहकार्य करण्याचे जाहीर केले होते, त्यामुळे ते युद्धविरोधक होते असे कोणी समजू नये. पण १० जून १९१८ रोजी मुंबईच्या प्रांतिक युद्ध परिषदेत त्यांनी सहकार्याबरोबर स्वराज्याचा विषय काढला, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना मध्येच अडवले. टिळक सभागृह सोडून निघाले. त्याच सुमारास त्यांनी गांधीजींना पन्नास हजार रुपयांचा धनादेश पाठवला. हिंदी सैनिकांना अधिकारपदे मिळतील असे वचन तुम्ही सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे भरतीला देतो. दिली नाहीत तर ही रक्कम दंड समजा. गांधीजींनी धनादेश परत केला. मदतीला अट लावणे त्यांना पटत नव्हते.

या प्रसंगाची चर्चा बहुधा दोन स्वभावांची तुलना म्हणून होते: एक व्यवहारी, एक संत. मला त्यात व्यवहारापेक्षा खोल काही दिसते. टिळक पाहत होते की सत्तेत वाटा नसलेल्याकडे देण्याजोगी एकच गोष्ट आहे, आपली माणसे. ती एकदा देऊन टाकली की बोलण्याची जागाच संपली. आणि अट जाहीर असली पाहिजे, बंद खोलीतल्या विनवणीत तिला धार नसते, हेही ते जाणून होते. परिषदेतून उठून जाणे हा त्यांच्या वाटाघाटीचाच भाग होता. खेडा जिल्ह्यात गांधीजींना मोजकेच लोक मिळाले आणि ते स्वतः आजारी पडले. युद्ध संपले. बदल्यात आधी रौलेट कायदा आला, मार्च १९१९ मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात जालियनवाला बाग.

यावर कोणी म्हणेल, भारत तेव्हा मित्रराष्ट्र नव्हताच, गुलाम होता. ही तुलना लागू कशी पडते? लागू पडते, कारण गुलाम हा धाकट्या भागीदाराचे टोकाचे रूप आहे. ब्लेअर यांच्याकडे संसद होती, अणुबॉम्ब होता, सुरक्षा परिषदेत नकाराधिकार होता. तरी त्यांनी जे हातचे घालवले तेच टिळक यातले काहीही नसताना राखू पाहत होते.

५. उधारीची अट आणि रोखीची अट

अट घालणे पुरेसे नाही. ती कधी वसूल होणार याला महत्त्व आहे. इटलीने २६ एप्रिल १९१५ रोजी लंडनमध्ये गुप्त करार करून आपल्या सहभागाची भरघोस किंमत ठरवून घेतली: दक्षिण तिरोल, त्रिएस्ते, दाल्मेशियाचा किनारा. सहा लाखांच्या आसपास सैनिक गमावल्यावर पॅरिसच्या परिषदेत अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी आपल्याला असल्या गुप्त करारांचे बंधन नाही असे सांगून दाल्मेशियाचा बहुतेक भाग नाकारला. विजय मिळूनही फसवणूक झाली, ही भावना फॅसिझमच्या पथ्यावर पडली.

याच्या उलट बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ३ सप्टेंबर १९३९ रोजी कोणालाही न विचारता भारताला युद्धात ओढले. काँग्रेसने युद्धाची उद्दिष्टे स्पष्ट करा अशी मागणी केली आणि उत्तर न मिळाल्याने मुंबईतल्या खेर मंत्रिमंडळासह प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मार्च १९४२ मध्ये ब्रिटिश सरकारचे दूत क्रिप्स आले ते युद्धानंतरच्या आश्वासनाचे गाठोडे घेऊन. आंबेडकरांनी युद्धाला पाठिंबा दिला, पण त्यांची मागणी तिथल्या तिथे पुरी करता येण्याजोगी होती: महारांना सैन्याचे दार पुन्हा उघडा. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. लहान गोष्ट म्हणा हवी तर. पण ती त्याच दिवशी हातात आली, आणि युद्ध संपल्यावरही कोणाला परत घेता आली नाही.

६. आक्षेप

गुप्त माहितीचा. सरकारकडे जी माहिती असते ती जनतेकडे नसते, मग जनतेने काय ठरवायचे? २००३ नंतर हा आक्षेप करायला धाडस लागते. सप्टेंबर २००२ मध्ये ब्रिटिश सरकारने ज्या गुप्त माहितीच्या आधारे दस्तावेज छापला, ती माहितीच चुकीची निघाली.

जमावाचा. लोक भावनेच्या भरात युद्ध मागतात, मे १९१५ मध्ये रोमच्या रस्त्यांवर झाले तेच पाहा. पण तिथे करार आधीच झालेला होता आणि तो लपवला होता. संसदेचा कल जोलिती यांच्या बाजूने, म्हणजे तटस्थतेकडे होता. कवी दानुन्झियोच्या भाषणांनी पेटवलेल्या गर्दीचा उपयोग त्या संसदेलाच धाक दाखवण्यासाठी झाला. ज्या गोष्टीचा कागद लोकांसमोर नाही, तिच्यावरच्या आरडाओरड्याला मी वाद म्हणत नाही.

सर्वांत जड आक्षेप विलंबाचा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स कोसळत होता, पंतप्रधान रेनो रूझवेल्ट यांच्याकडे काकुळतीने मदत मागत होते, आणि अमेरिका वाद घालत होती. पुढचे दीड वर्ष ती वाद घालत राहिली. लेंड-लीज विधेयक फेब्रुवारी १९४१ मध्ये प्रतिनिधिगृहात २६० विरुद्ध १६५ मतांनी संमत झाले आणि मार्चमध्ये त्याचा कायदा झाला. सक्तीच्या लष्करी सेवेची मुदत वाढवणारे विधेयक ऑगस्टमध्ये अवघ्या एका मताने, २०३ विरुद्ध २०२, तरले. त्या काळात लंडनवर बॉम्ब पडत होते. इथे अमेरिका थोरली भागीदार होती, हे खरे. तरी कोणी विचारील की हा वाद नैतिक चैन नव्हती काय?

माझे उत्तर अर्धवट आहे आणि तसेच राहणार. त्या वादातून तीन गोष्टी घडल्या. पन्नास जुन्या विनाशिका देताना अमेरिकेने न्यूफाउंडलंडपासून कॅरिबियनपर्यंत तळ नव्याण्णव वर्षांसाठी घेतले. ऑगस्ट १९४१ मध्ये, स्वतः लढण्यापूर्वी, तिने चर्चिल यांच्याकडून अटलांटिक सनदेवर सहमती मिळवली, म्हणजे युद्धाची उद्दिष्टे कागदावर आणली. (ती भारताला लागू नाही असे चर्चिल यांनी महिन्याभरात सांगितले, तो भाग निराळा.) आणि पर्ल हार्बरनंतर मतदान झाले ते ३८८ विरुद्ध १ असे, आणि तो निर्णय शेवटपर्यंत टिकला. या तिन्ही गोष्टींची किंमत मात्र वाद घालणाऱ्यांनी दिली नाही. ती पॅरिसने, लंडनने आणि वॉर्साने दिली. जाहीर चर्चेचा पुरस्कार करणाऱ्याने ही बाजू लपवू नये. एवढेच म्हणता येईल की विलंबाचा धोका मोठ्या आणि उघड आक्रमणाच्या वेळी खरा असतो. इराक काय, व्हिएतनाम काय, तिथे उशीर झाला असता तर कोणाचे काय बिघडले असते?

तहाच्या बंधनाचा आक्षेप मात्र मूळ मजकूर वाचल्यास गळून पडतो. नाटोचे कलम ५ देखील प्रत्येक सदस्याने त्याला आवश्यक वाटेल ती कृती करावी असेच सांगते. युद्धात उतरण्याची सक्ती त्यात नाही.

७. मग करायचे काय

जर्मनीने यावर व्यवस्था बसवली आहे. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने जुलै १९९४ मध्ये निकाल दिला की सशस्त्र सैन्य देशाबाहेर पाठवायला संसदेची संमती हवी. तेव्हापासून अशा प्रत्येक मोहिमेच्या ठरावात किती सैनिक, कुठे, कोणत्या कामासाठी आणि कुठवर, हे लिहिलेले असते. मुदत बहुधा वर्षाची. नोव्हेंबर २००१ मध्ये दहशतवादविरोधी मोहिमेसाठी चान्सलर श्रोडर यांना विश्वासदर्शक ठरावाला जोडून ही संमती घ्यावी लागली, ३३६ विरुद्ध ३२६ मतांनी, गरजेपेक्षा दोनच मते जास्त. नेदरलँड्समध्ये २०१० साली अफगाणिस्तानातला मुक्काम वाढवण्याच्या प्रश्नावर सरकारच पडले आणि डच सैन्य उरुझगानमधून परतले. नाटोशी मैत्री तुटली का? आज नाटोचे सरचिटणीस डचच आहेत.

भारतात यातले काहीच नाही. युद्ध आणि शांतता हे विषय केंद्रसूचीत आहेत, पण देशाबाहेर सैन्य पाठवण्याआधी संसदेची परवानगी घ्यावी असे कोणतेही कलम नाही. १९८७ च्या जुलैमध्ये श्रीलंकेशी करार झाला आणि शांतिसेना लगेच रवाना झाली. ते मित्राचेच अंतर्गत युद्ध होते. कोणत्याही ठरावात उद्दिष्ट, मर्यादा किंवा मुदत नव्हती. ऑक्टोबरपर्यंत शांतिसेना ज्यांची शस्त्रे उतरवायला गेली होती त्यांच्याशीच लढू लागली. तिथे अकराशेहून अधिक जवान गेले, आणि परतीचा दिवस मार्च १९९० मध्ये उजाडला तो कोलंबोत नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी निघून जा म्हटल्यावर.

तेव्हा जर्मन धर्तीचा कायदा करा, असे म्हणणे सोपे आहे. पण एवढ्याने भागणार नाही, कारण आपल्याकडे घटनेचे दहावे परिशिष्ट आहे. १९८५ पासून पक्षाच्या व्हिपविरुद्ध मत देणारा खासदार आपली जागा गमावू शकतो. वेस्टमिन्स्टरमध्ये १३९ खासदार आपल्याच पंतप्रधानाविरुद्ध मत देऊन दुसऱ्या दिवशी खासदार म्हणूनच सभागृहात आले. अंकारात सत्ताधारी पक्षाच्या सदस्यांनी स्वतःच्या सरकारचा ठराव पाडला. दिल्लीत हे दोन्ही अशक्य आहे. व्हिप लागू असलेल्या सभागृहात सैन्य पाठवण्याच्या ठरावावर मतदान घेतले तर पक्षनेत्यांनी आधी काय ठरवले होते एवढेच त्यातून कळेल, आणि परदेशी राजधानीत बसलेला मित्रही हे ओळखून असेल. ‘आमची संसद ऐकणार नाही’ या वाक्यावर तो विश्वास ठेवणार नाही. २००३ मध्ये ते वाक्य चालले, कारण सरकार बऱ्याच पक्षांचे होते आणि घटक पक्षांची धास्ती खरी होती. ती परिस्थितीची देणगी होती, व्यवस्थेची नाही. म्हणून सैन्य बाहेर पाठवण्याच्या कायद्याचा मसुदा कोणी करायला घेतलाच, तर त्याच्या पहिल्या कलमात या मतदानाला व्हिप लागू होणार नाही असे लिहावे लागेल, आणि त्यासाठी दहाव्या परिशिष्टात दुरुस्ती करावी लागेल. तशी दुरुस्ती करायला आज सत्तेतला कोणताही पक्ष तयार होणार नाही, आणि विरोधातला पक्षही उद्याच्या सत्तेचा विचार करून गप्पच राहील.